शेजारचे बांधकाम आणि आपले घर

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या व्याख्यानमालेत शील, समाधी आणि प्रज्ञा यांवर विद्वान वक्ते बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत बसून बँकेतल्या एका कारकुनाने भिंतीचे तडे, खड्डे आणि ठेकेदार यांवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या वस्तीकडे पाहा. आपल्या वडीलधाऱ्यांनी रेल्वेत, गिरणीत, नगरपालिकेत आयुष्यभर राबून, फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे घालून, वर बँकेचे कर्ज काढून ही घरे उभी केली. कित्येक कुटुंबांतले हे पहिलेच पक्के घर. आज जमिनीचे भाव वाढले, शेजारचे प्लॉट विकले जाऊ लागले आणि बैठ्या घराला लागून चार-पाच मजली इमारतीचा पाया खोदला जाऊ लागला. अशा वेळी आपल्या भिंतीला तडा गेला तर काय करायचे, हे आपल्याला कोणी शिकविलेले नसते. मग एक तर आपण भांडतो, नाही तर गप्प बसतो. दोन्हींत नुकसान आपलेच.

घडलेली एक हकीकत

आमच्या वस्तीतील एका निवृत्त उपासकांची हकीकत सांगतो. नावे सांगत नाही, कारण प्रकरण मिटलेले आहे. त्यांच्या घराशेजारचा प्लॉट एका गृहस्थांनी घेतला आणि बांधकाम ठेकेदाराकडे सोपविले. मे महिन्यात जेसीबी आला. हद्दीला अगदी लागून सुमारे दहा फूट खोल खड्डा झाला. मातीला टेकू नाही, फळ्या नाहीत. मृगाचा पाऊस पडला, खड्ड्याची कड ढासळली, उपासकांची कंपाउंड भिंत खड्ड्यात गेली आणि घराच्या त्या बाजूच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा तडा गेला.

ते ठेकेदाराकडे गेले. त्याने संध्याकाळी एक गवंडी पाठविला. गवंड्याने तड्यात सिमेंट भरले, वर गिलावा ओढला आणि "झालं काका" म्हणून तो निघून गेला. आठ दिवसांत तडा पुन्हा उघडला. मग ठेकेदार म्हणू लागला, "तुमचं घरच जुनं, कच्चं. पाया बरोबर नाही. आमचा काय संबंध?" जागेचे मालक म्हणाले, "मी सगळं काम ठेकेदाराला दिलं आहे, त्याच्याशी बोला." पोलीस चौकीत सांगण्यात आले, "हे दिवाणी प्रकरण आहे." तीन दारे, तिन्ही बंद. तेव्हा ते मंडळाकडे आले आणि आम्ही तिघे-चौघे त्यांच्याबरोबर उभे राहिलो. त्या प्रकरणात जे शिकायला मिळाले आणि कायद्याची जी माहिती गोळा केली, ती आज आपल्यापुढे ठेवतो.

जबाबदार कोण?

पहिला प्रश्न हाच. मालक ठेकेदाराकडे बोट दाखवितो, ठेकेदार जमिनीकडे. कायदा काय म्हणतो?

भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ७ मध्ये प्रत्येक जमीनमालकाचा एक नैसर्गिक हक्क मान्य केलेला आहे. तो असा की, आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा जो स्वाभाविक आधार असतो, तो कायम राहिला पाहिजे. शेजाऱ्याने आपल्या जागेत खोदावे, पण आपली माती त्याच्या खड्ड्यात ओढली जाऊ नये. हा हक्क मोकळ्या जमिनीचा. घराच्या वजनासकट आधार मिळण्याचा हक्क कलम १५ प्रमाणे २० वर्षांच्या वहिवाटीने मिळतो. याचा आधार घेऊन काही ठेकेदार म्हणतात, "तुमच्या घराला २० वर्षे झालेली नाहीत." त्यांना सांगावे की, निष्काळजीपणाने केलेल्या नुकसानीची भरपाई मागण्यासाठी २० वर्षे थांबावे लागत नाही. घर कालचे असले तरी शेजारी खोदणाऱ्याने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे.

आता मालक आणि ठेकेदार यांच्याविषयी. स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला काम देणारा सहसा जबाबदार नसतो, हा सर्वसाधारण नियम खरा आहे. पण ज्या कामातच शेजाऱ्याला धोका भरलेला आहे, तेथे "मी ठेकेदार नेमला" एवढे म्हणून मालकाला सुटता येत नाही. इंग्लंडमध्ये १८७६ साली बॉवर विरुद्ध पीट या खटल्यात हेच तत्त्व सांगितले गेले. तेथेही शेजारच्या खोदकामाने घराचा आधार गेला होता. १८८१ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने डाल्टन विरुद्ध अँगस या खटल्यात त्याला दुजोरा दिला. म्हणून नोटीस द्यायची ती मालक आणि ठेकेदार दोघांनाही. त्यांच्या आपसातील करारात काहीही लिहिलेले असो, त्या करारावर आपली सही नाही. कोणी किती भरायचे ते त्यांनी आपसात पाहावे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्यापैकी अनेकांची घरे गुंठेवारीची आहेत, काहींचे नकाशे मंजूर नाहीत. ठेकेदाराला ते ठाऊक असते आणि तो दबक्या आवाजात धमकी देतो, "तक्रार केलीत तर तुमचंच घर अडचणीत येईल." आपली कागदपत्रे जरूर पूर्ण करून घ्यावीत. परंतु कागद अपुरे आहेत म्हणून कोणाला आपली भिंत पाडण्याचा परवाना मिळत नाही. भीतीने गप्प बसू नये.

पुरावा आधी, राग नंतर

तडा दिसला की माणूस आधी आवाज चढवितो. आमची विनंती आहे की, आधी फोटो काढावा. तड्याशेजारी मोजपट्टी धरून जवळून एक, आणि सगळी भिंत दिसेल असा दुरून एक. रोजची तारीख घालून एका वहीत लिहावे: आज ब्रेकर किती वाजता सुरू झाला, खड्ड्यात पाणी होते का, पंप चालू होता का, घरात हादरे जाणवले का. कारण तडे केवळ खड्ड्याने जात नाहीत. ब्रेकरच्या हादऱ्यांनी जातात, जमिनीतले पाणी उपसल्याने माती बसते तेव्हा जातात. काळ्या मातीत तर माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, त्यानेही शेजारच्या कामाशिवाय तडे जातात. कारण कोणते, हे ठरविण्यासाठी तारखा उपयोगी पडतात. मोबाइलमधील फोटो न्यायालयात दाखल करायचे असतील तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नयेत.

तडा वाढतो आहे की थांबला आहे, हे पाहण्याची एक जुनी, सोपी युक्ती आहे. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून ठेवतात आणि त्यावर तारीख घालतात. भिंत हलत असेल तर काच तडकते. वर सांगितलेल्या घरी अशा तीन पट्ट्या लावल्या. दोन शाबूत राहिल्या, खिडकीजवळची पाचव्या दिवशी तडकली. त्या तडकलेल्या काचेने जे पटवून दिले, ते आमच्या चार तासांच्या वादाने पटले नसते.

त्यानंतर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. त्याची फी जड वाटते, पण त्याच्या लेखी अहवालाशिवाय पुढचा दरवाजा उघडत नाही. तडा फक्त गिलाव्याचा आहे की भिंतीचा, घरात राहणे सुरक्षित आहे की नाही, आणि दुरुस्तीला किती खर्च येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे अहवालात मागावीत. फीची पावती जपून ठेवावी, भरपाईत तीही मागता येते. आणि शेजारी काम सुरू होण्यापूर्वीच कुणकुण लागली, तर आपल्या घराचे सगळे फोटो शेजाऱ्याच्या समक्ष काढून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. याने निम्मी भांडणे जन्मालाच येणार नाहीत.

कोणत्या कार्यालयात जायचे?

धोका तातडीचा असेल तर महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात नियमबाह्य बांधकामाला नोटीस देण्याची तरतूद कलम २६० मध्ये आणि धोकादायक बांधकामाची कलम २६४ मध्ये आहे. मुंबईला वेगळा, १८८८ सालचा कायदा लागू आहे. त्यात काम थांबविण्याची नोटीस कलम ३५४ अ प्रमाणे निघते. शेजाऱ्याचा मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र पाहायचे असेल तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. हद्दीचाच वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. दोरी आणि टेपने केलेली मोजणी कामास येत नाही.

पोलिसांचे काय? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना ती कोसळून माणसाच्या जीवाला धोका होऊ नये याची काळजी न घेणे, हा तिच्या कलम २९० खाली गुन्हा आहे. मात्र केवळ निष्काळजीपणाने झालेली मालमत्तेची हानी बहुतेक वेळा दिवाणी स्वरूपाचीच ठरते. पोलीस "दिवाणी आहे" म्हणतात त्यात तथ्य असते. तरीही जीवाला धोका असेल तर लेखी तक्रार देऊन तिची नोंद करून घ्यावी.

दिवाणी न्यायालयात दोन गोष्टी मागता येतात: काम सुरक्षितपणे करीपर्यंत थांबविण्याचा मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई. जागेची पाहणी करण्यासाठी न्यायालय कमिशनरही नेमू शकते. भरपाईच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत असते, म्हणून "बघू, बघू" करत वर्षे घालवू नयेत. ग्राहक आयोगाकडे मात्र सहसा जाता येत नाही. ठेकेदार शेजाऱ्याचा, सेवा शेजाऱ्याने घेतली, आपण त्याचे ग्राहक नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये, हे येथे जमलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जातीच्या बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने ती मान्यता मिळालेली आहे. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. दावा दाखल करण्यापूर्वीसुद्धा प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे कोर्ट फी लागत नाही, आणि तडजोड झाली की तिला हुकूमनाम्याचे बळ मिळते.

रोहिणीच्या पाण्याचा धडा

धम्माचा येथे संबंध काय, असे विद्यार्थी मित्र विचारतील. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे, ते शेजाऱ्यांच्या भांडणाचेच आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यामधून रोहिणी नदी वाहत होती. पाण्यावरून दोघांच्या सेवकांत मारामारी झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. शाक्य संघ युद्धाला निघाला. सिद्धार्थाने विरोध केला. आधी दोष कोणाचा याची चौकशी करा, असे तो म्हणाला. शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलीयांनी दोन, आणि त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा, त्या पाचांनी वाद मिटवावा, असा त्याने ठराव मांडला. संघाने तो बहुमताने फेटाळला. पुढे तो निघून गेल्यावर दोन्ही बाजूंना शहाणपण आले आणि पाण्याचे तंटे सोडविण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमण्याचे ठरले, असे त्याच ग्रंथात आहे.

मित्रहो, भांडले कोण? सेवक. आणि निस्तरायचे कोणी? मालकांनी. आपल्या प्रकरणातही हेच आहे. साइटवर विटा वाहणारा, खड्ड्यात उतरणारा मजूर आपला शत्रू नाही. तो बहुधा गावाकडची कोरडवाहू शेती सोडून नाक्यावर उभा राहिलेला आपल्याचसारखा माणूस आहे. टेकू नसलेल्या खड्ड्यात आपली भिंत जाते, पण जीव त्याचा जातो. त्याच्यावर हात उगारणे हे अकुशल कर्म आहे आणि मूर्खपणाही आहे. कारण उद्या खड्डा किती खोल होता याचा साक्षीदार तोच असतो.

आम्ही त्या उपासकांच्या बाबतीत हाच पाच जणांचा मार्ग धरला. दोन माणसे आमच्याकडची, दोन मालक-ठेकेदाराकडची आणि पाचवे दोघांना मान्य असलेले एक निवृत्त अभियंता. ते घर पाहायला आले. मागच्या खोलीतही दोन तडे होते. ठेकेदाराचा माणूस लगेच म्हणाला, "हे बघा, हे जुने आहेत." सगळे उपासकांकडे पाहू लागले. ते शांतपणे म्हणाले, "होय, ते दहा-बारा वर्षांपूर्वीचे आहेत. ते मी मागत नाही. फक्त या बाजूचे मागतो." त्या एका वाक्यानंतर बैठकीचा सूरच बदलला. जो माणूस स्वतःच्या तोट्याचे खरे बोलतो, त्याचे बाकीचेही खरे असणार, हे मालकांना पटले. पंचशीलातील चौथे शील म्हणजे असत्य न बोलणे. आणि न दिलेले न घेणे हे दुसरे शील जसे ठेकेदाराला लागू आहे, तसे फुगवून हिशेब मागणाऱ्या आपल्यालाही लागू आहे. जुन्या घराची दुरुस्ती मागावी, नवे घर मागू नये.

पैशांविषयी थोडे

हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट विम्याची. कर्जाबरोबर घराचा विमा आहे, तो भरपाई देईल, असे अनेकांना वाटते. घराच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत जमीन खचण्याची जोखीम असते, पण बांधकाम किंवा खोदकामामुळे झालेले खचणे त्यातून वगळलेले असते. पॉलिसीची बारीक अक्षरे वाचा. उलट मोठे ठेकेदार आपल्या कामाचा सर्व जोखीम विमा घेतात. त्यात तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीचा भाग असतो. मात्र हादरे किंवा आधार जाण्यामुळे झालेले नुकसान त्यात यायचे असेल तर तशी जोड त्याने घेतलेली असावी लागते. म्हणून नोटिशीतच विचारावे: तुमची पॉलिसी आहे काय? असल्यास विमा कंपनीला कळविले काय?

दुसरी गोष्ट पावतीची. पहिल्या हप्त्याबरोबर "पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली" असा कागद पुढे केला जातो. इमारत पूर्ण झाल्याशिवाय आणि एक पावसाळा गेल्याशिवाय त्यावर सही करू नये. रक्कम घ्यावी, पण "हक्क राखून, अंशतः" असे लिहून.

तिसरी गोष्ट चेकची. रोख घेऊ नये. चेक तारखेपासून ३ महिने चालतो. तो न वटता परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे भरण्यास १५ दिवस असतात आणि तेही गेले तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फिर्याद करावी लागते. "साहेब, परत एकदा टाका" या शब्दांवर विसंबून अनेकांच्या मुदती निघून गेलेल्या आम्ही काउंटरवर पाहिल्या आहेत. आणि हा चेक अमुक नुकसानीच्या मान्य रकमेपोटी दिला आहे, असे तडजोडपत्रात नमूद असावे, म्हणजे उद्या "तारण म्हणून दिला होता" असे म्हणता येत नाही.

चौथी गोष्ट नोटिशीची. साध्या मराठीत, एका पानात, तारखांसह लिहावी आणि पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवावी. शिवीगाळ नको, धमकी नको. न्यायाधीश उद्या हेच पत्र वाचणार आहेत, असे समजून लिहावे.

त्या उपासकांना अखेर काय मिळाले? खड्ड्याला टेकू बसले, जोत्याला आधार मिळाला, कंपाउंड भिंत बांधून मिळाली. अभियंत्याने काढलेल्या खर्चाच्या सुमारे तीन चतुर्थांश रक्कम तीन चेकने मिळाली. दुसरा चेक परत आला, नोटीस गेली आणि बाराव्या दिवशी पैसे जमा झाले. सगळे मिळाले नाही. चार महिने गेले, त्यांच्या पत्नीची झोप उडाली, त्याचा हिशेब कोणी दिला नाही. पण घर उभे आहे आणि शेजारी आजही एकमेकांशी बोलतात.

मंडळापुढे आमची एक सूचना आहे. वस्तीतल्या अशा तंट्यांसाठी पाच जणांची एक कायम समिती असावी. त्यात एक अभियंता आणि एक वकील असावा. कायद्याचे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी या मंडळात आहेत. त्यांनी प्रत्येक नव्या बांधकामापूर्वी आजूबाजूच्या घरांचे फोटो काढून देण्याचे काम अंगावर घ्यावे. ज्यांच्या घरातल्या आजी-आजोबांना नोटीस लिहिता येत नाही, त्यांची नोटीस लिहून द्यावी. बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याचे हत्यार दिले. ते भिंतीवरच्या तसबिरीशेजारी टांगून ठेवण्यासाठी दिलेले नाही.



नमो बुद्धाय! जय भीम!